इंदूरच्या घरांतले व्हिडिओ गेम आणि आपल्याकडे न आलेली पिढी

रामबागकर

व्हिडिओ गेमच्या कन्सोलांचा इतिहास कुठेही वाचायला घेतला की पिढ्यांची एक ठरलेली उतरंड समोर येते. १९८३मध्ये जपानात निन्टेन्डो कंपनीचा आठ बिटांचा (जितके बिट जास्त, तितके यंत्र ताकदवान) फॅमिकॉम, दोन वर्षांनी त्याचाच अमेरिकी अवतार एनईएस, १९८८मध्ये सेगाचा सोळा बिटांचा मेगा ड्राइव्ह, १९९०मध्ये सुपर फॅमिकॉम, १९९४च्या डिसेंबरात प्लेस्टेशन आणि २०००च्या मार्चमध्ये प्लेस्टेशन २. पाच-सहा वर्षांत एक पिढी मागे पडते आणि दुसरी येते, असा हा हिशेब आहे. इंदूरच्या रामबागेत वाढलेल्या माझ्यासारख्याने तो आपल्या घरातल्या वस्तूंना लावून पाहिला, तर मुळीच जुळत नाही. आमच्याकडे आठ बिटांचा व्हिडिओ गेम नव्वदीच्या मध्याला आला, कॉलेज संपेपर्यंत तोच राहिला, आणि त्यानंतर घरात शिरला तो थेट प्लेस्टेशन २. मधल्या सोळा बिटांच्या यंत्रांशी आमची गाठच पडली नाही.

लहानपणापासून आपापल्या घरी आलेल्या कन्सोलांविषयी सगळ्यांनी लिहावे म्हणून हा धागा काढत आहे, पण नुसत्या याद्या नकोत. कोणते यंत्र का आले, किती काळ टिकले आणि त्याची जागा कशाने घेतली, हे लिहिले तर काही हाती लागेल.

आमचा पहिला व्हिडिओ गेम काकांनी जेल रोडवरच्या एका दुकानातून आणला. तो अस्सल निन्टेन्डो नव्हता, हे त्या वेळी घरात कुणाला ठाऊक नव्हते आणि ठाऊक असते तरी काही बिघडले नसते. फॅमिकॉमच्या नकला तेव्हा भारतात नाना नावांनी विकल्या जात. मीडिया, लिटल मास्टर ही नावे अनेकांना आठवत असतील. अस्सल यंत्रात रिको कंपनीचा २ए०३ हा प्रोसेसर, चित्रासाठी वेगळी चिप आणि कामापुरती अवघी दोन किलोबाइट स्मृती असे. पुढच्या नकलांत हे सगळे एकाच चिपमध्ये कोंबून वर काळ्या राळेचा थेंब ओतलेला असे. खेळ मात्र तेच चालत.

बरोबर मिळालेली कॅसेट पिवळी होती. तिच्यावरच्या कागदावर मारियो, एक बंदूकधारी पहिलवान, लढाऊ विमान आणि लाल मोटार हे सगळे एकाच चित्रात दाटीवाटीने उभे होते आणि खाली ‘९९९९९९९ इन १’ असे छापलेले होते. यंत्र सुरू केले की नावांची यादी येई, आणि पहिले एक-दोन पडदे संपले की पुढे तेच खेळ पुन्हा लागत. फरक एवढाच की ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या टप्प्यापासून सुरू होत. या फसवणुकीबद्दल आमच्या गल्लीत कुणी तक्रार केल्याचे मला आठवत नाही. बॅटल सिटीचे पस्तीस टप्पे होते, शिवाय विटा आणि पोलाद मांडून स्वतःचा नकाशा रचायची सोय होती, आणि आम्ही लढाईपेक्षा जास्त वेळ त्या रचनेतच घालवत असू. रोड फायटरमध्ये बराच वेळ गाडी न ठोकता चालवली की रस्त्याच्या कडेने एक उडता माणूस जातो. तो कोनामी कंपनीचा कोनामी मॅन. आमच्या लेखी तो सुपरमॅनच होता.

आता दूरचित्रवाणी संचाविषयी. अँटेनाची तार काढून तिथे व्हिडिओ गेमची डबी लावायची आणि मग चॅनलची खुंटी फिरवत मुंग्यांमधून चित्र शोधायचे, हा रोजचा विधी होता. संच एकच, आणि त्यावर पहिला हक्क आजोबांचा. २५ डिसेंबर १९९७ रोजी नेहरू स्टेडियमवरचा भारत-श्रीलंका एकदिवसीय सामना धोकादायक खेळपट्टीमुळे तीन षटकांतच थांबवावा लागला. इंदूरच्या क्रिकेटला त्या दिवसाने मान खाली घालायला लावली असे म्हणतात. आमच्या घरात मात्र आजोबा वैतागून फिरायला निघून गेले आणि नाताळची अख्खी दुपार संच आम्हां भावंडांच्या ताब्यात आला.

पण आमचा आठ बिटांचा काळ इतका लांबला, त्याचे खरे कारण मला कॅसेटच्या देवघेवीत दिसते. नवी कॅसेट विकत घेणे हा वाढदिवसाचा विषय होता. एरवी जुनी कॅसेट आणि वर काही रुपये दुकानदाराच्या हातावर ठेवले की तो दुसरी देई, आणि गल्लीतल्या गल्लीत तर रुपयांचाही प्रश्न नव्हता. साठ पिनांची कोणतीही कॅसेट कोणत्याही नकली यंत्रात बसत असल्यामुळे रामबाग, नारायण बाग आणि लोकमान्य नगर इथल्या मुलांचा मिळून एकच साठा तयार झाला होता. अशा वेळी एखाद्याने दुसऱ्या जातीचे यंत्र आणले, तर त्याच्या कॅसेट कुणाला चालणार आणि त्याला कुणाच्या मिळणार? कन्सोल बाजारात येणे आणि गावात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कॅसेट बदलून घ्यायला चार घरे असतील तेव्हाच तो गावात आला असे मी मानतो.

ही साखळी तुटली ती चंदेरी सीडी-डीव्हीडीच्या तबकड्यांमुळे. माझ्या धाकट्या भावाने २००६च्या दिवाळीत प्लेस्टेशन २ आणला, आणि आईने त्याला विरोध केला नाही, कारण त्यावर डीव्हीडी लावून सिनेमे पाहता येत होते. तिच्या हिशेबात तो डीव्हीडी प्लेयरच होता आणि खेळ वरून फुकट मिळाले होते. आठ मेगाबाइटच्या मेमरी कार्डमुळे अर्धवट राहिलेला खेळ दुसऱ्या दिवशी पुढे चालू करता येतो, ही गोष्ट मी वयाच्या पंचविशीत पहिल्यांदा अनुभवली. आपल्याकडे त्याचेही आयुष्य असेच लांबले. ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा भारतात घडवलेला खेळ प्लेस्टेशन २साठी २००९मध्ये निघाला, म्हणजे जगात प्लेस्टेशन ३ येऊन दोन वर्षे उलटून गेली तेव्हा.

खेळ म्हणून तो फारसा जमला होता असे मी म्हणणार नाही. असो. आता तुम्ही लिहा.


लष्करवाला

रामबागकरजी, तुम्ही वीज विसरलात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वाढलेल्या कुणालाही विचारा, व्हिडिओ गेमचा सर्वांत मोठा शत्रू कॉन्ट्रा या खेळाच्या शेवटच्या टप्प्यात नव्हता, तो विजेच्या खांबावर होता. आपल्या कॅसेटमध्ये खेळ जपून ठेवायची सोय नसे. त्यासाठी कॅसेटमध्ये बॅटरी बसवावी लागते आणि तसल्या कॅसेट आमच्या दुकानांत मी तरी पाहिल्या नाहीत. लाइट गेली की सगळे पहिल्यापासून. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले, कोरब्याची औष्णिक वीज केंद्रे तिकडे गेली आणि मध्य प्रदेशात विजेचा तुटवडा असा वाढला की २००३ची विधानसभा निवडणूक वीज, रस्ते आणि पाणी याच विषयांवर लढली गेली. त्या तीन वर्षांत दहावी-बारावीत असलेल्या मुलांचे खेळणेही त्याच वेळापत्रकाने ठरत होते.

यातून खेळण्याची एक वेगळीच पद्धत तयार झाली. सुपर मारियोमध्ये आठ जगे आणि प्रत्येकात चार टप्पे, म्हणजे एकूण बत्तीस टप्पे आहेत. ते सगळे ओळीने खेळणारा मुलगा आमच्या आळीत अडाणी समजला जाई. पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात छतावरून चालत जाऊन शेवटची भिंत ओलांडली की तीन नळ दिसतात, त्यातून थेट चौथ्या जगात उतरायचे. तिथल्या दुसऱ्या टप्प्यात लपलेल्या विटेला डोके मारून वेल काढायचा, वर चढायचे आणि आठव्या जगात पोहोचायचे. एवढे जमले तर संध्याकाळच्या कपातीआधी राजकन्या सुटत असे. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत होती: सगळ्या जान संपल्यावर सुरुवातीच्या पडद्यावर ए हे बटण दाबून धरून स्टार्ट दाबले, तर ज्या जगात मेलात त्याच जगाच्या पहिल्या टप्प्यापासून खेळ सुरू होतो. हे रहस्य आमच्या वर्गातल्या एका मुलाने वर्षभर स्वतःजवळ ठेवले आणि त्याच्या जोरावर पैजा जिंकल्या.

कॉन्ट्राच्या तीस जानांचा मंत्र मात्र सगळ्यांना पाठ होता. वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, बी, ए. तो मुळात कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६मध्ये ग्रेडियस हा खेळ तपासताना स्वतःच्या सोयीसाठी घातला होता, कारण त्यांनाच तो खेळ जड जात होता. ते २०२०च्या फेब्रुवारीत वारले, तेव्हा ही हकिगत मी पहिल्यांदा वाचली. जपानातल्या एका कार्यालयातली ती क्लृप्ती इंटरनेटशिवाय लष्करातल्या पोरांपर्यंत कशी पोहोचली, याचे मला अजून नवल वाटते.

तुमच्या उतरंडीत आणखी एक जागा रिकामी आहे. सोळा बिटांची हौस आम्ही घरी नव्हे, व्हिडिओ गेम पार्लरमध्ये भागवली. कॅपकॉमचा १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ हा खेळ त्याच्या खऱ्या नावाने ओळखणारा माणूस मला ग्वाल्हेरमध्ये भेटलेला नाही. त्यातल्या एका पात्राच्या नावावरून सगळे त्याला ‘मुस्तफा’ म्हणत. टोकन टाकून असले चित्र समोर दिसत असताना घरी त्यासाठी महागडे यंत्र कोण घेईल?


दांडियाबाजार

बडोद्याची हकिगत थोडी निराळी आहे. आमच्या शहरात परदेशी गेलेले नातेवाईक घरोघरी असतात, त्यामुळे आमच्याकडे अस्सल वस्तू आली. माझ्या मामांनी न्यू जर्सीहून येताना अमेरिकी एनईएस आणला. करड्या रंगाचा, व्हीसीआरप्रमाणे समोरून कॅसेट घेणारा, सुबक असा तो डबा पाहून आमच्या वाड्यातली मुले दारात उभी राहिली होती.

पुढे काय झाले ते सांगतो. त्याचा अ‍ॅडॉप्टर १२० व्होल्टचा होता, त्यामुळे आधी मंगळ बाजारातून वजनदार ट्रान्सफॉर्मर आणावा लागला. मग चित्र आले, पण ते कृष्णधवल, कारण अमेरिकी यंत्र एनटीएससी पद्धतीचा सिग्नल देते आणि आमचा रंगीत संच फक्त पाल पद्धत जाणत होता. तेही चालवून घेतले असते, परंतु अमेरिकी कॅसेटला बहात्तर पिना असतात आणि आकारही मोठा असतो. शेजारच्या मुलांकडे असलेल्या साठ पिनांच्या कॅसेट त्यात बसेनात. मामांनी बरोबर आणलेली मारियो आणि डक हंट यांची एकच कॅसेट आम्ही वर्षभर खेळलो, आणि शेवटी वडिलांनी रावपुऱ्यातून सगळ्यांसारखाच नकली व्हिडिओ गेम आणून दिला. अस्सल यंत्र माळ्यावर गेले.

त्यामुळे रामबागकर यांचे देवघेवीविषयीचे म्हणणे मला शंभर टक्के पटते. आज लोक त्या करड्या डब्याची छायाचित्रे टाकून हळहळतात. माझ्याकडे तो आहे, आणि त्याच्याविषयी मला फारसे काही वाटत नाही.


मनोरमागंज

धाग्याच्या शीर्षकावर माझा आक्षेप आहे. सोळा बिटांची पिढी इंदुरात आली नाही असे म्हणणे बरोबर नाही. माझ्या घरी होती. शॉ वॉलेस कंपनीने १९९५मध्ये सेगाचा मेगा ड्राइव्ह भारतात विकायला आणला, तेव्हा त्याची किंमत १८,००० रुपयांच्या घरात होती. आमचा सियागंजात घाऊक व्यापार होता, वडिलांना अशा वस्तूंचे वेड होते, आणि त्यांनी तो मुंबईहून आणला. सोनिक या सेगाच्या खेळाचा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा वडिलांचे दोन मुनीम दुकान बंद करून पाहायला आले होते. हिरवी टेकडी, मागे सरकणारा समुद्र आणि धबधबे, तेही प्रत्येक थर वेगळ्या वेगाने सरकणारा. नकली आठ बिटांच्या यंत्रावर असे काही दिसणे शक्यच नव्हते. तुम्हांला आठ बिटांचे यंत्र पुरेसे वाटले, कारण तुम्ही दुसरे पाहिले नव्हते.

देवघेवीचे काही प्रमाणात खरे आहे. मला खेळ बदलून मिळत नसत. पण म्हणूनच तीन खेळ मी इतके बारकाईने खेळलो की त्यांतला प्रत्येक लपलेला रस्ता मला आजही सांगता येईल. तेवढी ओळख तुम्हां कुणाची आपल्या ‘नव्याण्णव लाखां’शी झाली असेल का?


रामबागकर

मनोरमागंजजी, तुमच्या घरी ते यंत्र होते याचा मला आनंद आहे, परंतु मी ज्याला येणे म्हणतो ते हे नव्हे. गावात दोन-चार बंगल्यांत पियानो असतील म्हणून इंदुरात पियानोची परंपरा आहे असे कुणी म्हणत नाही. तुम्हीच लिहिले आहे की खेळ बदलून मिळत नसत. माझा मुद्दा तिथेच पुरा होतो.

चित्रांबाबत मात्र वाद नाही. सोनिक मी फार उशिरा, संगणकावर पाहिला आणि तेव्हा हेवा वाटला.


पोहेजिलेबी

या धाग्यावर आतापर्यंत सगळ्या भावांच्याच आठवणी आल्या आहेत. आमच्या घरात व्हिडिओ गेमचे दोन रिमोट होते आणि भाऊही दोनच होते, तेव्हा माझी पाळी कधी येत असेल ते सांगायला नको. मला मिळाली ती कॅसेट बदलण्याची आणि संचाची खुंटी धरून बसण्याची जबाबदारी.

माझ्या मालकीचे पहिले यंत्र म्हणजे ब्रिक गेम. राजवाड्यासमोरच्या पथारीवरून आजीने घेऊन दिला होता. दहा चौकोन रुंद आणि वीस चौकोन उंच असा राखाडी पडदा, खाली पिवळी बटणे आणि मागे दोन पेन्सिल सेल. रंग नाहीत, मारियो नाही. त्यात मोटारशर्यत होती, साप होता, रणगाडे होते, पण मी खेळत असे ती पडत्या विटाच. हा खेळ १९८४मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी रचला आणि निन्टेन्डोने १९८९मध्ये आपल्या गेम बॉयबरोबर तो जगभर पोहोचवला. आमच्या हाती आला तो खेळ, गेम बॉय नव्हे, आणि मला विचाराल तर त्यात महत्त्वाचे जे होते ते सगळे आले.

लष्करवाला यांनी विजेचे लिहिले आहे. लाइट गेली की भावांचे यंत्र बंद पडे आणि माझे चालू राही. अंधारात पडदा दिसत नसे, कारण त्याला आतून उजेड नव्हता, म्हणून मी देवघरातल्या समईजवळ बसून खेळत असे आणि दोघे भाऊ पाळी मागायला येत. मी ती सहसा देत नसे. याला कन्सोल म्हणायचे की नाही हे तुम्ही ठरवा. माझ्या यादीत तो पहिला आहे आणि त्यानंतर मधे काहीच नाही, थेट २०१४च्या जानेवारीत भारतात आलेला प्लेस्टेशन ४. तो मी माझ्या पगारातून घेतला आणि त्याचे दोन्ही रिमोट माझे आहेत.


विस्तुलाकाठी

मूळचा सुदामा नगरचा, सध्या मुक्काम पोलंड. रामबागकर आपल्या क्रमाला इंदूरचा क्रम म्हणतात, पण त्याचा परीघ बराच मोठा आहे. इथल्या कार्यालयात एकदा लहानपणच्या खेळांचा विषय निघाला आणि माझ्या वयाच्या एका पोलिश सहकाऱ्याने ‘पेगासस’ नावाच्या यंत्राचे छायाचित्र दाखवले. यंत्राचा साचा वेगळा, पण रिमोट तेच, वरच्या फटीत बसणारी कॅसेट तीच आणि यादीतले खेळही तेच. पोलंडमध्ये नव्वदीच्या दशकात पेगासस, रशियात १९९२पासून ‘डेन्डी’. दोन्ही फॅमिकॉमच्याच नकला. तिकडेही त्या आठवड्याच्या बाजारात बदलून मिळत आणि तिकडेही लोक कन्सोल म्हणजे तेच समजत.

यात एक गंमत अशी की ज्याला आपण मागे पडलेले समजतो तो फॅमिकॉम खुद्द निन्टेन्डोने जपानात २००३च्या सप्टेंबरपर्यंत बनवणे चालू ठेवले होते. म्हणजे मध्य प्रदेशात वीजकपात चालू असताना मूळ गावीही त्याचे उत्पादन थांबले नव्हते. पिढी संपल्याची तारीख मासिके ठरवतात. ग्राहक ती फारशी मनावर घेत नाहीत.

मनोरमागंज यांना एवढेच सांगतो की पूर्व युरोपातही मेगा ड्राइव्ह पोहोचला होता, तेव्हा त्यांनी अगदी एकटे वाटून घेऊ नये.


नवेपलासिया

मी तुम्हां सगळ्यांहून लहान आहे, त्यामुळे माझी यादी एक्सबॉक्स ३६०पासून सुरू होते. तो भारतात २००६च्या सप्टेंबरात आला आणि आमच्याकडे मोठ्या आतेभावाकडून वापरलेला आला. पुढे प्लेस्टेशन ४ आणि २०२१च्या फेब्रुवारीत भारतात विक्रीला आलेला प्लेस्टेशन ५. शेवटच्या यंत्रावर मी एकही तबकडी विकत घेतलेली नाही, सगळे खेळ उतरवून घेतले आहेत. देवघेवीचा मुद्दा वाचताना जाणवले की माझ्याकडे चाळीसच्या वर खेळ आहेत आणि त्यांतला एकही मी कुणाला देऊ शकत नाही. मित्राबरोबर खेळतो ते रोज रात्री, पण तो त्याच्या घरी आणि मी माझ्या.

आता कामाचा प्रश्न. बाबांचा नकली व्हिडिओ गेम माळ्यावर सापडला आहे. बरोबर बंदूक आणि दोन कॅसेट आहेत, मूळ अ‍ॅडॉप्टर नाही. मागे अँटेनाच्या भोकाशिवाय पिवळे आणि पांढरे अशी दोन भोके आहेत. एलईडी टीव्हीला जोडून चालेल का? कॅसेटमध्ये फुंकर मारायची असते असे बाबा म्हणतात.


झाळकामवाले काका

तीस वर्षे हेच काम केले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

बाबांना माझा नमस्कार सांगा आणि फुंकर मारू देऊ नका. फुंकरीने धूळ जाते असे सगळ्यांना वाटत आले, पण गुण येतो तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे, कारण त्यात पिना घासल्या जाऊन नव्याने टेकतात. तोंडातली वाफ तांब्याच्या पट्ट्यांवर बसते आणि त्या काळ्या पडतात. कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसा. अगदीच काळ्या असतील तर पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासा आणि त्याचा भुगा झटकून मगच कॅसेट घाला.

अ‍ॅडॉप्टरबाबत घाई नको. अशी बहुतेक नकली यंत्रे नऊ व्होल्टवर चालतात आणि आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर त्याचे पाच व्होल्ट करतो. मेख अशी आहे की अस्सल फॅमिकॉमप्रमाणे यांतल्या अनेकांच्या पिनेचे मधले टोक ऋण असते आणि बाहेरचे कडे धन, तर आज बाजारात मिळणारे बहुतेक अ‍ॅडॉप्टर नेमके याच्या उलट असतात. यंत्राच्या पाठीवर वर्तुळ आणि अर्धवर्तुळाची खूण छापलेली असते, ती पाहून त्याप्रमाणेच अ‍ॅडॉप्टर घ्या. खूण पुसली असेल तर झाकण उघडून मीटरने तपासल्याशिवाय वीज देऊ नका. चालू झाल्यावर चित्रावर आडवे पट्टे हलत असतील आणि आवाजात घुर्र असेल, तर कपॅसिटर सुकले आहेत असे समजा. ते बदलायला किरकोळ खर्च येतो.

रिमोटचे बटण दाबून लागत नसेल तर आतल्या रबराची काळी गोळी झिजलेली असते. लोक तिथे सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद चिकटवत आणि तो काही महिने चालतही असे. आता तयार रबरे मिळतात, तीच बसवा.

पिवळे भोक चित्राचे आणि पांढरे आवाजाचे. टीव्हीला तशी भोके असतील तर तार सरळ जोडा, नसतील तर एचडीएमआय करून देणारी छोटी डबी मिळते. खेळ चालतील. बंदूक चालणार नाही, आणि तो बंदुकीचा दोष नव्हे. डक हंट या बदके टिपायच्या खेळात घोडा ओढला की पडदा एक क्षण पूर्ण काळा होतो आणि पुढच्याच चौकटीत फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला डोळा त्या नेमक्या क्षणी काळोखानंतर उजेड दिसला का, एवढेच पाहतो. जुन्या पिक्चर ट्यूबवर चित्र सिग्नलबरोबर तिथल्या तिथे उमटत असे. आजचा टीव्ही आधी चित्रावर प्रक्रिया करतो आणि मग दाखवतो. तो उशीर तुमच्या लक्षातही येत नाही, पण तोवर बंदुकीची वेळ निघून गेलेली असते. प्रत्येक बार फुकट जाईल आणि खेळातला कुत्रा हसत राहील.

बंदुकीचीच हौस असेल तर जुना ट्यूबवाला संच शोधावा लागेल. चौदा इंची मिळाला तर उत्तम, तो एकट्याला उचलता येतो. आणल्यावर त्याचे मागचे झाकण मात्र घरी उघडू नका, कारण प्लग काढल्यानंतरही ट्यूबमध्ये काही हजार व्होल्टचा भार साठून राहू शकतो. ओळखीच्या टीव्ही मेकॅनिककडून आधी तो भार उतरवून घ्या आणि मग धूळ झाडा.


नवेपलासिया

धन्यवाद काका. खूण सापडली, मधले टोक ऋणच आहे. दोन्ही कॅसेटच्या पट्ट्या पुसून ठेवल्या आहेत. त्यांतल्या एकीत फक्त सर्कस चार्ली आहे आणि बाबांना ती नको आहे, त्यांना बॅटल सिटी असलेली हवी आहे. कुणी बदलून देणार असेल तर सांगा.


रामबागकर

माझ्याकडे बॅटल सिटीच्या दोन आहेत. निरोप पाठवतो.